दोनशेची मर्यादा

अमेरिकन फुटबॉलमधली मला पहिल्यांदा आवडलेली गोष्ट म्हणजे मालकाकडे पैसा कितीही असला तरी तो तिथं उधळता येत नाही. खेळ मला बराच नंतर कळला, आधी कळला तो हा नियम. सगळ्या खेळाडूंच्या पगारावर मिळून एका संघानं वर्षाला किती खर्च करायचा याची मर्यादा ठरलेली असते, आणि ती सगळ्या संघांना सारखी असते. तिला ते सॅलरी कॅप म्हणतात. शिवाय दरवर्षी कॉलेजातून येणाऱ्या नव्या पोरांची वाटणी होते, तो ड्राफ्ट. आदल्या वर्षी जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याला पहिली निवड. नवी पोरं पहिली चार वर्षं स्वस्तात मिळतात. ज्याला नीट निवडता येतं त्याचे पगार वाचतात, आणि वाचलेल्या पगारात तो दोन-तीन मोठे खेळाडू बाळगू शकतो. निवडीचा हक्क, म्हणजे पिक, पुढच्या वर्षांचाही आधीच देऊन टाकता येतो. ज्याला घाई असते तो तेच करतो. उद्याची पोरं देऊन आजचा म्हातारा आणतो.

मी वाळूजच्या एका कारखान्यात कॉस्टिंगला आहे. एका नटाला किती पैसे पडले हे काढण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यामुळं हा खेळ मला नाही आवडणार तर कोणाला?

तो माझ्यापर्यंत आणला शाळेतल्या मित्रांनी. दहावीच्या आमच्या वर्गातले बरेचजण पुढं अमेरिकेत गेले, मी इथंच राहिलो. तिकडे त्यांनी बारा संघांची एक घरगुती लीग काढली. खेळाडू खरे, त्यांचे दर रविवारचे गुण खरे, पण संघ आमचे आणि करार कागदावरचे. प्रत्येक संघाला वर्षाला पगारासाठी दोनशे. दोनशे कोटी म्हणा, दोनशे रुपये म्हणा, काही फरक पडत नाही, कारण खिशातून काहीच जात नव्हतं. बारावा संघ भरेना म्हणून त्यांनी मला घेतलं, आणि मी अकाउंटवाला म्हणून बाराही संघांच्या पगाराचा तक्ता माझ्या गळ्यात घातला. मी तो एखाद्या ऑडिटला द्यायचा असल्यासारखा ठेवत होतो. कोणी मर्यादेच्या वर गेला की त्याचा रकाना लाल व्हायचा, आणि ठरलेल्या मुदतीत तो खाली आला नाही तर त्याचं पुढच्या वर्षीचं पहिलं पिक रद्द व्हायचं आणि खाली येईपर्यंत त्याचे गुण धरले जात नसत. हा नियम बारा जणांनी मिळून केलेला होता. मी फक्त तो पाळायला लावायचो.

खरं सांगायचं तर या मित्रांशी माझं बोलणं राहिलं होतं ते या लीगमुळंच. घर, मुलं, नोकरी यावर दोन वाक्यांत बोलून व्हायचं. मग पुढं काय? लीगमध्ये मात्र मी त्यांच्या बरोबरीचा होतो. किंबहुना तिथं माझ्या शब्दाला वजन होतं.

पहिली तीन वर्षं माझा संघ तळाला होता, तो मी मुद्दाम तळाला ठेवला होता. महागडे खेळाडू देऊन टाकले, पिक जमवली, पोरं निवडली. टेक्सासमधला आमचा मित्र मला तेव्हापासून मुनीमजी म्हणतो. तो जुन्या शहरातला, बापाचं गुलमंडीजवळ कापडाचं दुकान. शाळेत असताना आमच्याशी मराठी बोलायचा आणि भांडण लागलं की दखनी हिंदीत घुसायचा. तिकडे जाऊन वीस वर्षं झाली तरी तीच सवय. "मुनीमजी, खेलते कब? या खाली जमाच करते रहते?" असं तो दर वर्षी विचारायचा. मी म्हणायचो, थांब. पाचव्या वर्षी आम्ही चौथे आलो, सहाव्या वर्षी दुसरे. आमच्या संघात दोन-दोन, तीन-तीनच्या पगारावर खेळणारी आठ पोरं होती, आणि पुढच्या दोन्ही वर्षांची पहिली पिक हातात होती. आता एकच वर्ष नीट काढायचं होतं.

मी आम्ही म्हणतो कारण तोवर माझा मेव्हणा भागीदार झाला होता. बायकोचा धाकटा भाऊ, गंगापूरकडचा. साखर कारखान्याच्या काट्यावर गाड्यांच्या स्लिपा फाडायचं काम करायचा. दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही, ऊसच नव्हता, कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. तो आमच्याकडे राहायला आला आणि वाळूजमध्येच एका स्टोअरला लागला. रविवारी रात्री मी कॉम्प्युटरसमोर बसलो की हा शेजारी स्टूल ओढायचा. खेळ त्याला माझ्यापेक्षा लवकर कळला. कोणता खेळाडू दमलाय, कोण गुडघा लपवतोय, हे तो पळण्यावरून सांगायचा आणि ते बरोबर निघायचं. आकडे मात्र त्याला आवडत नसत. "दाजी, तुमी बेरीज करा, मी बैल बघतो," म्हणायचा.

एकदा मी त्याला सायनिंग बोनस समजावत होतो. खेळाडूशी पाच वर्षांचा करार करताना त्याला एक मोठी रक्कम सुरुवातीलाच देतात. पण मर्यादेच्या हिशेबात ती एकदम धरत नाहीत, पाच वर्षांत सारखी वाटून धरतात.

"म्हंजे उचल की हो, दाजी!" तो म्हणाला.

मला ते आवडलंच. ऊसतोडीच्या टोळीला हंगामाआधी रक्कम देतात आणि मग ती कामातून फेडून घेतात, ती उचल. मी म्हणालो, "हो, तसंच समज." तो एकदम खूश झाला. सगळ्या लीगमध्ये मग तो उचल हाच शब्द वापरायला लागला. टेक्सासवाल्यानंही तो उचलला. ह्याची उचल किती बाकी, त्याची उचल किती, असं सगळेच बोलायला लागले.

आता त्या वर्षाचं सांगतो.

आमच्या घराबद्दल थोडं सांगावं लागेल. आम्ही बीड बायपासच्या पलीकडं, सातारा परिसरात सोळा फ्लॅटच्या इमारतीत राहतो. आम्ही आलो तेव्हा खिडकीतून डोंगर दिसायचा, नंतर दुसरी इमारत दिसायला लागली, मग तिच्या मागची. महापालिकेची पाइपलाइन आमच्यापर्यंत आलेली नव्हती. बिल्डरनं बोअर दिलं होतं. शेजारच्या इमारतीनं आमच्यापेक्षा खोल घेतलं, मग आम्ही त्यांच्यापेक्षा खोल घेतलं. त्या उन्हाळ्यात दोन्हीतून नुसती हवा येत होती. जायकवाडी मृतसाठ्यात गेल्याचं रोज पेपरात यायचं. पाणी टँकरनं यायचं, आणि टँकरवाला अर्धाच टँकर रिकामा करून पुढच्या इमारतीकडं पळतो म्हणून आम्ही पाळी लावली होती. ज्याच्या घराची पाळी त्यानं खाली उभं राहायचं, झाकण उघडून आत डोकवायचं, शेवटचा थेंब पडेपर्यंत पाइप काढू द्यायचा नाही. टँकर येण्याची वेळ कोणालाच माहीत नसे, टँकरवाल्यालाही.

तर रविवारची सकाळ. तिकडे शनिवारची रात्र, सगळे व्हिडिओ कॉलवर. हंगामापूर्वीच्या अदलाबदलीचा शेवटचा दिवस होता आणि मुदत आपल्याकडच्या दुपारी बारापर्यंत. आमचे पगार एकशे सत्त्याण्णव, म्हणजे तीनच शिल्लक. मला काहीही करायचं नव्हतं. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, चौतीस वर्षांचा होता. त्याचा पाच वर्षांचा करार, दोन झालेली. दर वर्षाचा पगार बावीस आणि उचलीचे आठ, असे तीस आमच्या खात्यावर पडत. त्याच्या मागं मी दुसऱ्या फेरीत निवडलेला एक पोरगा तयार होत होता. म्हाताऱ्याला एक वर्ष चालवायचं, मग पोराला पुढं करायचं, असा माझा बेत होता.

बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, टँकर! आपली पाळी आहे!"

मी म्हणालो, "ह्याला पाठव ना."

"मागच्या वेळी ह्यालाच पाठवलं होतं. टँकरवाला गंगापूरचा निघाला, दोघं गप्पा मारत बसले आणि अर्धं पाणी परत गेलं. तुम्ही जा. त्या अमेरिकेतल्या लोकांचे पगार वाचवा नंतर."

कॉलवर हशा झाला. मी मेव्हण्याला म्हणालो, "कशालाही हात लावू नको." हे मी नक्की म्हणालो होतो. आणि खाली गेलो.

खाली टँकरवाल्याशी माझी नेहमीची हुज्जत झाली. तो म्हणत होता टाकी भरली, मी म्हणत होतो अजून वीतभर बाकी आहे. मी वाकून आत हात घालून दाखवला. शेवटी त्यानं व्हॉल्व्ह पुन्हा उघडला. भिजलेल्या बाहीनं मी वर आलो तेव्हा मेव्हणा स्टुलावरून माझ्या खुर्चीवर आलेला होता आणि त्याचं तोंड फुललेलं होतं.

"दाजी, लई भारी काम झालं."

घडलं होतं असं. टेक्सासवाल्यानं त्याचा एक नावाजलेला खेळाडू, लांब पळून चेंडू झेलणारा, बाजारात सोडला होता. पगार अठ्ठावीस, उचल बाकी नाही, जो आधी हात वर करील त्याचा. मेव्हण्यानं तो घेतला. आणि जागा करायला आमचा म्हातारा क्वार्टरबॅक मोकळा केला.

मी तक्त्याकडं पाहिलं. आमचा रकाना लाल झाला होता. दोनशे एकोणीस.

"हे काय केलंस?"

"तीस वाचले की, दाजी. तीस न् तीन तेहतीस. अठ्ठावीसचा आणला. पाच उरत्यात. तुमचं मशिनच चुकतंय, बघा."

"तीस कुठं वाचले? पगाराचे बावीस वाचले. उचलीचं काय?"

"उचलीचं त्याच्याकडून वसूल व्हईल ना!"

"कोणाकडून?"

"त्याच्याकडून. नायतर त्याच्या एजंटाकडून. टोळी पळाली तर मुकादमाला धरत्यात का नाय? एजंट म्हंजे मुकादमच की."

  कारखान्याच्या काट्यावर जन्म काढलेल्या माणसाला हे दुसऱ्या कोणत्या रीतीनं कळणार होतं? तिथं उचल माणसाच्या मानगुटीवर असते. इथं उलटं. इथं ती देणाऱ्याच्या मानगुटीवर असते. खेळाडूला सोडलं की उरलेल्या सगळ्या वर्षांचे आठ-आठ एकदम त्याच वर्षात येऊन बसतात. तिकडे त्याला मेलेले पैसे म्हणतात. तीन वर्षांचे चोवीस. म्हाताऱ्याला ठेवला असता तर तीस, सोडला तर चोवीस. वाचले फक्त सहा, आणि त्या सहाच्या जिवावर हा अठ्ठावीसचा माणूस घेऊन आला होता.

कॉल चालूच होता. न्यूजर्सीवाला, जो आमच्या लीगचा प्रमुख होता, त्याला ही गंमत वाटली. "अरे, एवढं काय! माझ्याकडे कळ आहे, उलटं फिरवतो. दोन मिनिटांचं काम. म्हातारा तुझा तुला, ह्याचा ह्याला."

मला हायसं वाटलं, नाही असं नाही. मी हो म्हणायला तोंड उघडलंही असेल. तेवढ्यात टेक्सासवाला बोलला. आदल्याच्या आदल्या वर्षी त्यानं चुकून एका खेळाडूऐवजी दुसऱ्याला सोडलं होतं, नावं वर-खाली होती, बोट घसरलं. तेव्हाही न्यूजर्सीवाल्यानं हेच म्हटलं होतं आणि मी नियम वाचून दाखवला होता. सोडलेला खेळाडू परत फिरवता येत नाही. मेलेल्या पैशांनी तो मर्यादेच्या वर गेला आणि त्याचं पिक गेलं होतं.

"फिरा दे, फिरा दे," तो हसत म्हणाला. "मेरे वक्त कायदा था, मुनीमजी के वक्त टँकर आ गया. पानी का मामला है भई, माफ करो."

सगळे हसले. तोही हसत होता. माझ्या मनात आलं, हा रागावला असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, "फिरवायचं नाही."

मेव्हणा माझ्याकडं बघायला लागला. "दाजी, ते स्वतः फिरवतो म्हंतेत!"

"नाही."

"अहो, कुणाची तक्रार नाय. मग तुमाला का?"

स्वयंपाकघराच्या दारात बायको येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "पाणी पूर्ण घेतलं ना?" मी हो म्हणालो. "मग झालं तर," म्हणून ती आत गेली. तिच्या दृष्टीनं सकाळचं मुख्य काम झालेलं होतं.

मुदतीला दीड तास होता आणि एकोणीस उतरवायचे होते. नव्यानं घेतलेल्याला त्याच हंगामात सोडता येत नाही, त्यामुळं अठ्ठावीसवाला गळ्यातच होता. पोरं सोडायची म्हटली तर एकेकाचा पगार दोन किंवा तीन. आठपैकी किमान सात सोडावी लागली असती. सहा वर्षांत जमवलेलं एका तासात संपवायचं. स्वस्त माणसांचा हाच घोळ असतो. ती असतात तोवर मोठी शिल्लक दिसते, पण अडचणीत त्यांना विकून काही उभं राहत नाही.

दुसरा मार्ग एकच. अठ्ठावीसवाला कोणाच्या तरी गळ्यात घालायचा. आणि एवढी जागा फक्त एकाकडं होती, कारण त्यानं नुकतीच ती मोकळी केलेली होती.

"ले लूँगा," टेक्सासवाला म्हणाला. "पुराना दोस्त है. पहिलं पिक दे."

"ह्या वर्षीचं?"

"ह्या वर्षीचं. आणि पुढच्या वर्षीचं."

"तुझाच खेळाडू आहे तो. तूच तासाभरापूर्वी सोडलास."

"हो ना. तेव्हा तो मला नको होता. आता तुला नकोय."

मेव्हणा मधेच पडला. "साहेब, एक घ्या की. लई जास्त व्हतंय."

"मियाँ, उचल माफ होती क्या तुम्हारे गाँव में?"

"नाय व्हत."

"मग?"

मी दोन्ही पिक दिली. बाराला पाच मिनिटं कमी असताना आमचा रकाना हिरवा झाला. एकशे एक्याण्णव. नऊ शिल्लक, पण त्या नऊंत घेण्यासारखा क्वार्टरबॅक बाजारात राहिला नव्हता. मागचा पोरगा एक वर्ष आधीच पुढं काढावा लागला, आणि त्याचं व्हायचं तेच झालं. आम्ही नववे आलो. नववा म्हणजे एरवी पुढच्या ड्राफ्टमध्ये चांगली निवड. ती टेक्सासवाल्याकडं गेलेली होती.

त्या आठवड्यात मेव्हणा माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. मग एका संध्याकाळी डबा ठेवता ठेवता म्हणाला, "दाजी, एक इचारू? खेळातलेच पैशे व्हते ना? कुणाच्या घरात भाकरी कमी पडनार व्हती का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग?"

मी त्याचा डबा उचलून मोरीत नेऊन ठेवला. त्या अकरा जणांमध्ये मला कशासाठी ठेवलं आहे हे मला माहीत होतं. माझी निवड काही फार भारी नव्हती. खेळ मेव्हण्याइतकाही मला दिसत नव्हता. माझा तक्ता खरा असतो, एवढंच माझं त्यांच्यातलं स्थान. तो एकदा माझ्यासाठी वाकवला असता तर दुसऱ्या दिवसापासून मी नुसता बारावा झालो असतो.

असं मला वाटत होतं.

पुढच्या वर्षी हंगामाआधी सगळ्यांची बैठक झाली. न्यूजर्सीवाल्यानं सुरुवातीलाच विषय काढला. मागच्या वर्षी फार ताण झाला, म्हणाला. आपण मजेसाठी खेळतो. मुनीमजीसारख्या माणसावर अशी पाळी येत असेल तर नियमातच काहीतरी चुकतंय. मर्यादा वाढवू या. दोनशेऐवजी सव्वादोनशे करू.

मी म्हणालो, "मर्यादा वाढवली की सगळ्यांचे पगार वाढतील. दोन वर्षांत सव्वादोनशेवरही सगळे लाल होतील. मग अडीचशे करायची का?"

"तेव्हाचं तेव्हा बघू रे."

"आणि सव्वादोनशे धरले तर मागच्या वर्षी मी मर्यादेतच होतो. दोनशे एकोणीस. मग माझी पिक?"

"ते मागच्या वर्षीचं झालं. मागचं कसं उकरणार? तूच तर म्हणतोस, फिरवायचं नाही."

ते बरोबर होतं.  टेक्सासवाला ह्या वेळी कॅमेरा बंद करून बसला होता. आमच्या पिकवर त्यानं काय निवडायचं ह्याची तयारी चालली असावी असं मला वाटलं. तसं नव्हतं. मर्यादा वाढणार हे धरून त्यानं ते पिक आदल्या रात्रीच न्यूजर्सीवाल्याला देऊन टाकलं होतं, आणि बदल्यात आमचाच जुना क्वार्टरबॅक घेतला होता, जो आता पस्तीसचा झाला होता आणि मधल्या काळात न्यूजर्सीवाल्याकडं होता.

मतं घेतली. प्रत्येक संघाला एक मत. आमच्या संघाचं काय, म्हणून मी मेव्हण्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसं, दाजी. पन वाढवली तर आपलं बी सोपं व्हईल." मी विरोधात टाकलं. अकरा विरुद्ध एक.

"चला, तक्ता दुरुस्त करून टाक," न्यूजर्सीवाला म्हणाला.

तक्त्यात मर्यादेचा आकडा एकाच चौकटीत होता. बाकीची सगळी चक्रं त्याच्यावर फिरत. मी दोनशे खोडून दोनशे पंचवीस लिहिलं. त्या वर्षी मुदतीआधीच चार संघ लाल होते. ते सगळे एका क्षणात हिरवे झाले, आणि कॉलवर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग टेक्सासवाल्याचा कॅमेरा चालू झाला. त्यानं विचारलं की म्हाताऱ्याचा नवा करार करतोय, उचल जास्तीत जास्त किती वर्षांत वाटता येईल.

मी म्हणालो, "पाच."

"लिख दे पाँच."

मी पाच लिहिलं.